पट्टा तुटला नव्हता

मोटारीत बसल्यावर तुमच्या कपाळावर जो गारवा येतो, मित्रांनो, तो कोणी शिंपडलेला नसतो. कोणाला तरी चिरडून तो काढलेला असतो, आणि ते चिरडण्याचे काम माझे. मी एका मोटारीच्या एसीचा जुना कॉम्प्रेसर आहे. बॉनेटखाली, इंजिनाच्या कुशीला चार बोल्टांनी आवळून बसवलेला, नारळाहून थोडा मोठा धातूचा गोळा. माझ्या पोटात दट्ट्ये आहेत. ते गॅसला कोपऱ्यात गाठतात, दाबतात, त्याचा जीव मुठीएवढा करतात. गॅस तापतो, नळ्यांतून पळत सुटतो, पुढच्या जाळीत आपली आग टाकतो आणि मग कुठे दमून गार पडतो. सात वर्षे, मिनिटाला हजारो वेळा, मी ही मारहाण केली. तिच्याबद्दल मला कोणी कधी बोल लावला नाही. बोल लागला तो माझा हात थांबला तेव्हा.

माझी पहिली आठवण पाण्याची आहे. कारखान्यात वितळलेल्या धातूतून मला ओतले, कानशीने घासले आणि पोटात हवा कोंबून पाण्याच्या टाकीत बुडवले. एक माणूस वाकून पाहत होता, माझ्यातून बुडबुडा निघतो की काय. बुडबुडा निघाला नाही. त्याने खडूने एक खूण केली आणि मी पास झालो. त्या खुणेवर मी पुढे फार काळ विसंबून होतो. मला वाटायचे, एकदा निर्दोष ठरलेल्याला पुन्हा कोणी दोषी ठरवत नसते.

ज्या गाडीत मला बसवले ती मंचरच्या बाजारपेठेत आली. तिथे दलीचंद शेठांचे भुसार मालाचे दुकान आणि मागे गोदाम होते. शेठ वारले होते. दुकान त्यांचा मुलगा पीयूष पाहत होता, आणि गाडी घेतली होती ती त्याच्या आईसाठी, कस्तुरबाईंसाठी. बाईंचे हृदय थकलेले होते. महिन्यातून दोनदा त्यांना पुण्याला डॉक्टरांकडे न्यावे लागे, आणि उकाडा त्यांना सोसत नसे. गारवा ही त्या घराची चैन नव्हती. ते एक औषध होते, आणि ते मी कुटून देत होतो.

गाडी चालवायला सावळेराम होता. डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडे, पश्चिमेच्या डोंगरात त्याची वाडी. तिथे भात आणि नाचणी पिकायची, ती घरी खायला पुरायची. बाकीचा संसार आणि नूतन या मुलीचे नर्सिंगचे शिक्षण त्याच्या गाडी चालवण्यावर उभे होते. त्याच्याइतके मला कोणी जपले नाही. उन्हात उभ्या गाडीत बसल्याबरोबर तो एसी लावत नसे. आधी चारही काचा खाली, आतली तापलेली हवा बाहेर, मग इंजिन जरा स्थिर झाले की हलक्या बोटाने माझे बटण. दाराला टेकलेल्या म्हाताऱ्या बैलाला जसे आधी नाव घेऊन उठवतात, तसा तो मला उठवायचा. बाई मागून म्हणायच्या, "सावळेराम, तुझ्या गाडीत बसलं की भीमाशंकरच्या झाडीत आल्यासारखं वाटतं." तो आरशातून हसायचा आणि म्हणायचा, "झाडी आमच्याकडं बी ऱ्हायली न्हाई आता, बाई. हितंच बसा."

आता उंदरांची गोष्ट सांगायला हवी.

गोदाम म्हटले की धान्य, आणि धान्य म्हटले की उंदीर. शेजारचे दुकानदार विषाच्या वड्या टाकत. कस्तुरबाईंच्या घरात जीव मारणे नव्हते. दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या त्या घरात उंदरासाठी तारेचा पिंजरा होता, आणि बाईंचा एक नेम होता: पकडलेला प्रत्येक उंदीर जिवंत, गावाबाहेर, कळंबच्या पुलापलीकडे घोड नदीच्या काठच्या झुडपांत नेऊन सोडायचा. नेणार कोण? सावळेराम. कशातून? गाडीतून. उन्हाळा असला तर बाई बजावून सांगत, एसी चालू ठेव, मुके जीव आहेत, पिंजऱ्यात भाजून निघतील.

कळंबला रस्त्याकडेला संपतचे गॅरेज होते. पुलाकडे जाणारी गाडी त्याच्या दारावरूनच जाई. संपत हात पुसत बाहेर यायचा आणि चहाच्या टपरीवरच्या लोकांना ऐकू जाईल अशा बेताने विचारायचा, आज व्हीआयपी पाशिंजर किती? मग टपरीवर कोणीतरी म्हणायचे, माणसं एसटीला लोंबकळत्यात आन उंदरं एसीत. सावळेरामही हसायचा. पण पिंजरा तो नेहमी डाव्या सीटच्या पायाशी गोणपाट घालून ठेवायचा, आणि वळणावर हळू घ्यायचा.

माघातल्या एका सकाळी त्या पिंजऱ्यात पाच उंदीर होते. नदीकाठी पोहोचल्यावर त्याने झाकण उचलले, तेव्हा चार निघाले. पिंजऱ्याची बिजागरी सैल झाली होती. त्याने सीटखाली पाहिले, पायपुसण्या झटकल्या, टॉर्च लावून डिकी उपसली. मग स्वतःची समजूत घातली की काच खाली होती, तिकडूनच उडी मारली असेल. घरी गेल्यावर बाईंनी नेहमीप्रमाणे विचारले. त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून तो म्हणाला, पाच सोडले.

पाचवी मादी होती. ती काचेतून गेली नव्हती. ती डॅशबोर्डच्या मागे, जिथून हवेचा झोत निघतो त्या काळ्या पेटीत शिरली होती. तिने सीटचा स्पंज कुरतडून नेला, हवेच्या जाळीचा कागद ओढला, आणि त्या अंधारात घर मांडले. रात्री ती गोदामात चरून येई आणि उजाडायच्या आत परत पेटीत शिरे. घर मांडताना तिच्या दातांना एक बारीक तार लागली. ती माझी तार होती. तुम्ही बटण दाबता तेव्हा मला जो हुकूम पोहोचतो, तो त्या तारेतून येतो. तिने तार पूर्ण तोडली नाही. आतल्या तांब्याचे दोन-तीन केस शिल्लक ठेवले. गाडी नीट रस्त्यावर असली की ते केस एकमेकांना चिकटून राहत आणि मी काम करी. खड्डा आला की ते सुटत, आणि मी चालत्या गाडीत मूर्खासारखा थांबे. माझी पुली फिरत राही, पोटातले दट्ट्ये मुके.

मित्रांनो, मला हे सगळे कळत होते. फक्त सांगायला जीभ नव्हती.

सावळेराम गाडी घेऊन संपतकडे गेला. संपत म्हणाला, गॅस कमी झालाय. गॅस भरला. भरताना गाडी हलली, तारेचे केस जुळले, गारवा आला, पैसे दिले. आठवड्याने पुन्हा बंद. संपत म्हणाला, कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणाऱ्या क्लचची कॉइल गेली. ती बदलली. पंधरा दिवसांनी पुन्हा. मग पुढची जाळी बदलली, ते बिल ऐकून पीयूषने दुकानातल्या तराजूचे वजन हातातून आपटले. गाडीत बारीक दुर्गंध येऊ लागला होता, त्यावर उपाय म्हणून आरशाला अत्तराची बाटली टांगली गेली. संपत लबाड नव्हता. त्याला घाई होती. डॅशबोर्ड उघडायचा म्हणजे अख्खा दिवस, आणि चैत्रात त्याच्या दारात दहा गाड्या वाफाळत उभ्या असत. म्हणून तो दर वेळी मलाच ठोके, मलाच कान लावे. जो समोर दिसतो त्यालाच विचारायचे, आणि त्याने उत्तर दिले नाही की तोच गुन्हेगार.

वैशाखात बाईंची पुण्याची तारीख आली. निघताना मी उत्तम चाललो होतो. पेठ गाव ओलांडताना रस्त्याच्या कामाजवळ गाडी खडबडीत भागावरून गेली आणि तार सुटली. दोन मिनिटांत आतली हवा भट्टीसारखी झाली. सावळेरामने काचा खाली केल्या. बाहेरून त्याहून तापलेला वारा आत घुसला. बाई आधी पदराने वारा घेत होत्या, मग त्यांचा हात मांडीवर पडला, मग मान. सावळेरामने गाडी जागच्या जागी वळवली, पेठमधल्या एका दवाखान्यासमोर चाके कर्कश ओरडवत थांबवली आणि बाईंना पाठीवर घेऊन आत धावला. मी उन्हात, बॉनेटखाली, त्याच्या अनवाणी पावलांचा आवाज ऐकत होतो. चपला गाडीतच राहिल्या होत्या. बाई वाचल्या. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर गाडी घरी वेगळ्या कामासाठी न्यावी लागली असती.

आईला मरणाच्या दारातून आणणारा माणूस पीयूषने दोन दिवस पाहिलाच नाही. त्याने पाहिली ती बिले. दुकानात बसलेल्या एका गिऱ्हाइकाने सहज म्हणून सांगितले होते की ड्रायव्हर आणि गॅरेजवाले यांची टक्केवारी ठरलेली असते, गाडी जितकी बिघडेल तितकी दोघांची चूल पेटते. असे वाक्य कानात पडले की ते बाहेर निघत नाही. तिसऱ्या दिवशी पीयूष स्वतः सावळेरामला घेऊन कळंबला आला आणि संपतला म्हणाला, कॉम्प्रेसरच बदल, आज माझ्यासमोर.

माझे चार बोल्ट निघाले. नळ्या उपसताना पोटातला उरलेला गॅस फुत्कारत बाहेर गेला. सात वर्षे ज्याने मला फिरवले तो रबरी पट्टाही संपतने काढला आणि आम्हा दोघांना लाकडी बाकावर ठेवले. जाड, काळा, आतून सहा धारांचा, पोटात सुताचे पीळ असलेला पट्टा. माझ्या जागी झगझगीत नवा कॉम्प्रेसर बसला, त्याला नवा पट्टा. गॅस भरला. संपतने इंजिन चालू केले आणि बटण दाबले.

काहीच झाले नाही. तो 'टक्' आवाज, जो आला की आम्ही कामाला लागतो, तो आला नाही.

"हा पण मेला का?" पीयूषने विचारले. त्याचा आवाज अगदी हळू होता.

"कॉम्प्रेसर नवा हाय, शेठ. खोकं तुमच्या पुढ्यातच फोडलं."

"मग?"

टपरीवरची माणसे आता उठून गॅरेजच्या दाराशी आली होती. टोमॅटोचे क्रेट नेणारे दोन पिकअपवालेही थांबले होते. संपतने त्यांच्याकडे पाहिले, मग सावळेरामकडे पाहिले, आणि त्याला आपल्या गॅरेजची पाटी आठवली असावी. तो म्हणाला, "गाडी रोज यांच्या हातात असती. मी काय सांगणार?"

आपल्याबरोबर एका बशीत चहा पिणारा माणूस असे म्हणतो, हे सावळेरामला अजून नीट पोहोचले नव्हते.

"किती मिळतात तुला, सावळ्या? फेरीमागं किती?" पीयूष जवळ आला. "माझी आई मेली असती परवा."

"शेठ, पैशाला मी हात लावला न्हाई. लेकीची आन."

"मग खरं काय ते बोल."

सावळेरामची नजर फरशीवर फिरू लागली. मला ठाऊक होते तो काय शोधतो आहे. आयुष्यातले सगळे खोटे तो चाळून पाहत होता, आणि त्याला एकच सापडले.

"एकदाच खोटं बोललो, शेठ. माघात. बाईंना सांगितलं पाच उंदीर सोडले म्हनून. चारच व्हते."

दारातली माणसे हसली. आणि त्या हसण्याने, मित्रांनो, एका माणसाचा डोळा घेतला. पीयूषला वाटले, हा माणूस चारचौघांत आपल्या आईच्या नेमाची थट्टा करतो आहे. त्याचा हात बाकावर आला. मला वाटले तो मला उचलणार. त्याने पट्टा उचलला.

मी चिरडण्याच्या धंद्यातला आहे. मला माराचे आवाज कळतात. पहिला फटका पाठीवर बसला, तो सपाट होता. दुसरा खांद्यावर, त्यात धार होती. सावळेराम मागे सरकला आणि त्याची पाठ बाकाला लागली. त्याने हात उचलला नाही. तो फक्त म्हणत होता, शेठ ऐका, शेठ ऐका. तिसरा फटका मानेवर वळून बसला आणि कातडी उकलली. दुहेरी धरलेला पट्टा हवेत शिट्टी घालत होता. पीयूषच्या तोंडातून श्वासच फक्त निघत होता, आणि प्रत्येक फटक्याबरोबर त्याचा चेहरा अधिक घाबरलेला होत होता, जणू हात त्याचा नव्हता आणि तो थांबायची वाट पाहत होता. पिकअपवाला एक पाऊल पुढे आला आणि तिथेच थांबला. चौथ्या फटक्याला सावळेरामने तोंडापुढे दोन्ही हात धरले. पट्ट्याचे टोक हातांवरून लवले, मागे वळले आणि उजव्या डोळ्यात शिरले.

तो ओरडला नाही. त्याच्या तोंडातून पोत्याला भोक पडावे तसा आवाज आला. तो बाकावर कोसळला, बाक हलला, आणि मी फरशीवर पडलो. माझ्या पुलीच्या खाचेत जे ओघळले ते तेल नव्हते.

यानंतरचे मी फरशीवरून पाहिले आहे. पीयूषच्या हातून पट्टा गळाला आणि माझ्या शेजारी पडला. तो अखंड होता. एक धागाही सुटला नव्हता. कोणीतरी पाणी आणा म्हणाले, कोणीतरी रुमाल दिला. संपतला काहीच सुचत नव्हते. ज्या माणसाच्या हाताला काम लागते तो अशा वेळी काहीतरी उघडू लागतो. उंदीर हा शब्द त्याच्या डोक्यात अडकला होता. तो गाडीत शिरला, डावीकडचा कप्पा उपटला, आतली काळी पेटी सैल केली.

मादी त्याच्या मनगटावरून उडी मारून बाहेर आली, फरशीवरून, सावळेरामच्या पायावरून धावत गेली आणि टायरांच्या ढिगात नाहीशी झाली. पेटीत स्पंजाचे मऊ घर होते. त्यात सहा पिले, मिटल्या डोळ्यांची, गुलाबी. घराच्या काठाने गेलेली तार उघडी पडून लोंबत होती. संपतने दोन टोके चिमटीत धरून पिळली.

टक्.

रिकाम्या सीटांवर थंडगार वारा वाहू लागला.

संपतने ते घर दोन बोटांत धरून रस्त्यावर फेकण्यासाठी हात मागे नेला. आणि पीयूष म्हणाला, "थांब. हळू. पिलं आहेत."

त्याने ओंजळ पुढे केली. हात तेच होते. त्यांवर लाल पडले होते, ते त्याने शर्टाला पुसले, एका पत्र्याच्या झाकणात कापूस पसरला आणि एकेक पिलू नखाचा स्पर्श होऊ नये अशा जपणुकीने त्यात ठेवले. लहानपणापासून त्याच्या हातांना हेच शिकवलेले होते, आणि हात आपला धडा विसरले नव्हते. सहावे पिलू ठेवून झाल्यावर त्याने वर पाहिले. रुमालाने डोळा दाबून बसलेला सावळेराम दुसऱ्या डोळ्याने त्याच्याकडे पाहत होता. मग पीयूष तिथेच, चाकाला टेकून, खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. रडण्याने रक्त थांबत नाही. शेवटी पिकअपवाल्यानेच दोघांना गाडीत बसवले.

नारायणगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात संपत बरोबर गेला होता. तिथले जे काही मला ठाऊक आहे ते त्याने नंतर चहा पिताना, मान खाली घालून, सांगितलेले. डॉक्टरांनी विचारले, कसे लागले? सावळेराम तोंड उघडणार तेवढ्यात पीयूष म्हणाला, गाडीचा पट्टा तुटून लागला. वाटेत त्याने शब्द दिला होता की सगळा खर्च तो करील, नूतनचे शिक्षणही थांबू देणार नाही. सावळेराम गप्प राहिला. डॉक्टरांनी तसे लिहून घेतले. डोळा वाचला नाही.

अशा रीतीने, मित्रांनो, आमच्यावर दुसऱ्यांदा दोष आला, आणि या वेळी शाईने. ज्या पट्ट्याने सात वर्षे माझ्याबरोबर ऊन सोसले आणि एकदाही दगा दिला नाही, तो कागदावर तुटला.

चार दिवसांनी कस्तुरबाई कळंबला आल्या. त्या एसटीने आल्या होत्या, काठी टेकत, थांबत थांबत. संपतने खुर्ची पुसून पुढे केली. त्यांनी दम घेतला आणि विचारले, "पिलांचं काय झालं?"

"मेली, बाई. आईबिगर कशी जगतील?"

"आणि त्या माणसाच्या डोळ्याचं?"

संपतने मग काही लपवले नाही. स्वतः काय बोलला तेही सांगितले, कागदाचेही सांगितले. बाईंची नजर फरशीवर गेली. फरशी धुतली होती, पण सिमेंट सगळे परत देत नाही. उठताना त्या एवढेच म्हणाल्या, "नेम माझा, संपत. त्या माणसाला कशाला मारलं?" त्या दिवसापासून बाई त्या गाडीत बसल्या नाहीत. पुण्याची तारीख आली की एसटीच्या पुढच्या सीटवर बसून जातात, आणि पीयूष मागच्या सीटवर बसून त्यांच्या मानेवर लक्ष ठेवतो, असे ऐकतो.

एका डोळ्याच्या माणसाला कोणी गाडी देत नाही. पावसाळ्यात सावळेराम वाडीवर भाताच्या आवणीला गेला. बांधावरून चालताना त्याचा पाय सारखा खाचरात जायचा. श्रावणात तो संपतच्या दारात येऊन उभा राहिला आणि काम मागितले. संपतने नजर न उचलता हो म्हटले. तेव्हापासून तो इथे आहे. एका डोळ्याला खोली कळत नाही. तो पाना बोल्टवर ठेवायला जातो आणि पाना बोल्टच्या बोटभर अलीकडे हवेत फिरतो. मग तो डाव्या हाताने बोल्ट चाचपतो, बोट तिथेच ठेवतो आणि बोटाच्या आधाराने पाना आणतो. शिकतो आहे. पट्टा बसवायचे काम मात्र संपत त्याला सांगत नाही.

एक दिवस त्याने मला फळीखालून ओढून काढले. रॉकेलने धुतले, पुलीची खाच चिंधीने खरवडली, दोन तारा बॅटरीला जोडून माझा क्लच लावून पाहिला. टक् झाले. त्याने हाताने पुली फिरवली, कान लावला. "ह्यो तर ठणठणीत हाय," तो म्हणाला. संपत ऐकून न ऐकल्यासारखा आत गेला.

भाद्रपदात जैनांच्या पर्युषणाचा, उपासांच्या पर्वाचा, शेवटचा दिवस आला. त्या दिवशी ते लोक एकमेकांच्या दारी जातात, हात जोडतात आणि वर्षभरात मनाने, बोलण्याने, हाताने कोणाला दुखावले असेल तर क्षमा मागतात. दुपारी ती गाडी गॅरेजसमोर थांबली. पीयूष उतरला. वाळला होता. उपासाने ओठ पांढरे पडले होते. सावळेराम एका जीपचे चाक उघडत होता. पीयूष त्याच्यासमोर उभा राहिला, हात जोडले, वाकला.

"मिच्छामि दुक्कडम्, सावळेरामभाऊ."

आयुष्यात पहिल्यांदा तो त्याला भाऊ म्हणाला होता. सावळेरामने चाकाचा नट काढून टोपणात ठेवला.

"आईनं पाठीवलं का?"

"नाही. आई माझ्याशी बोलत नाही."

"बसा, शेठ. पाणी घ्या."

"उपास आहे." पीयूष तसाच उभा राहिला. "मी काय करू ते सांग. नूतनचं सगळं बघतोय. घरपण बांधून देतो तुला."

"नूतनचं तुमी करताय, ते मी नाय म्हनत न्हाई. ते वेगळं." सावळेराम पहिल्यांदा उभा राहिला. "दवाखान्यात कागूद हाय. त्यावर लिव्हलंय, पट्टा तुटून लागलं. लेक नर्सिंग शिकती, शेठ. तिच्या हातात तो कागूद पडला. तिनं इचारलं, आबा, पट्टा कसा वो तुटला? मी तिला सांगितलं, तुटला म्हनून. आता दोन खोटी झाली माझ्याकडं." तो थांबला. "एका खोट्याला मी डोळा दिला. दुसरं तुमचं हाय. ते तुमी फेडा. खरं सांगून या, मग माफीचं बघू."

"पोलीस होईल, भाऊ."

"व्हईल की."

"दुकान... आईची तब्येत..."

"मला बी तवा लई काय काय आठवत व्हतं, शेठ. तुमी ऐकलं न्हाई."

तो पुन्हा चाकाशी बसला, बोटाने दुसरा नट चाचपू लागला. त्याचा आवाज चढला नव्हता. पीयूषचे जोडलेले हात हळूहळू सुटले. तो गाडीत जाऊन बसला. काचा बंद होत्या. माझ्या जागी बसलेला नवा कॉम्प्रेसर आत गारवा कुटत होता, आणि काचेमागे तो माणूस घामाने भिजत होता. आमच्या दारातून मंचर डावीकडे आहे आणि नारायणगाव उजवीकडे. गाडी रस्त्याच्या कडेला पुष्कळ वेळ उभी होती. मागून टोमॅटोच्या गाड्या भोंगे वाजवत गेल्या.

रस्ता सावळेरामच्या उजव्या अंगाला होता. तिकडचे त्याला दिसत नाही, आणि त्याने मान वळवली नाही. इंजिनाचा आवाज दूर गेल्यावर त्याने विचारले, "कुनीकडं गेली?"

"नारायणगावाकडं," संपत म्हणाला.

सावळेरामने मान हलवली आणि चाक उतरवून घेतले.

आपलीही सावळेरामजवळ माफी मागायची राहिली आहे, हे संपतच्या चेहऱ्यावर मला दिसत होते. ते त्याचे तो पाहील. मला तुम्हाला एवढेच विनवायचे आहे, मित्रांनो. आम्हाला जपा, वेळेवर तपासा, तार कुरतडलेली असेल तर तार शोधा. बंद पडणारा प्रत्येक जण लबाड नसतो. आणि रागाच्या भरात हातून काही घडले, तर ते आमच्यावर लिहू नका. आम्हाला हात वर करून 'नाही' म्हणता येत नाही. इथे फळीवर पट्टा माझ्या शेजारीच आहे. कधी कळंबवरून गेलात तर थांबा, हातात घेऊन ओढून पाहा. तो तुटलेला नाही.